प्रतिसाद: चालकाचं वय आणि विम्याचा हप्ता

मुलगा एकवीसचा, लायसन्स नवं, म्हणून सेकंडहँड वॅगनआरचा हप्ता जास्त, असं एजंटने तुम्हाला सांगितलं. थर्ड पार्टीपुरतं, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणाऱ्या विम्यापुरतं तरी हे साफ चूक आहे. तो दर सरकार ठरवतं, तोही इंजिनाच्या सीसीवर. २०२२च्या दरपत्रकात खासगी कारला १००० सीसीपर्यंत २०९४ रुपये, १५०० पर्यंत ३४१६, वर जीएसटी. वयाचा त्यात संबंधच नाही.

घासाघीस करायची ती ओन डॅमेजवर, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर. पण कोटेशनं ताडताना आयडीव्ही (विम्यासाठी धरलेला गाडीच्या किमतीचा आकडा) सारखाच धरा. स्वस्त दिसणाऱ्या कोटेशनमध्ये बऱ्याचदा तोच खाली ओढलेला असतो, आणि गाडी चोरीला गेली की हातात तेवढेच पैसे येतात.

मुलाच्या नावावर बाइक असेल तर तिच्या पॉलिसीत १५ लाखांचं पीए कव्हर (मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा) आहे का बघा. असेल तर कारसाठी पुन्हा घ्यायची गरज नाही. एजंट सहसा आपणहून सांगत नाहीत.

गाडी नावावर झाली की १४ दिवसांत पॉलिसी ट्रान्सफरला टाका. आणि आधीच्या मालकाचा एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारा बोनस) मुलाला लागू होत नाही. कुणी कितीही ‘चालतं हो’ म्हणालं तरी तो लावून घेऊ नका, क्लेम तिथेच अडकतो.