अनुभव धागा : मुलं, कॉलेज आणि पहिला ग्लास

मागच्या महिन्यात मुलाच्या वर्गातल्या एकाच्या वाढदिवसाला दारूची बाटली निघाली. मुलं सोळा वर्षांची. पालकांच्या ग्रुपवर दोन दिवस नुसती 'आमचा त्यात नव्हता'ची चढाओढ. मग लक्षात आलं, मुलांना काय सांगायचं यावर आम्ही पुष्कळ बोललोय. मोठ्यांनी आपसात काय ठरवायचं, यावर कधीच नाही. म्हणून हा धागा. घरी, शाळेत, हॉस्टेलवर जे करून पाहिलंत ते लिहा. फसलेलंही लिहा. उपदेश नको, तो आमच्याकडे भरपूर शिल्लक आहे.

दोन मुलींची आई
आम्ही सात घरांनी एवढंच ठरवलं : पार्टी कुणाच्याही घरी असो, मोठं माणूस घरात हवं, आणि 'ती तुमच्याकडेच आहे ना?' असा फोन आला तर कुणी रागवायचं नाही. पहिला फोन करताना मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. थोरली आठवडाभर बोलली नाही. पण 'बाकी सगळ्यांना परवानगी आहे' हे वाक्य आमच्या घरातून कायमचं गेलं, कारण बाकी सगळे म्हणजे तीच सात घरं.
दुसरं, खुणेचा मेसेज. मुलीने नुसता एक टिंब पाठवला की मी फोन करून ओरडायचं, 'आत्ताच्या आत्ता घरी ये!' मैत्रिणींसमोर वाईट मी ठरते, ती सुटते. दोनदा टिंब आला. गाडीत प्रश्न विचारायचे नाहीत, हा करार. दुसऱ्या वेळी तो पाळताना जीभ चावून बसले होते.

फसलेला बाप
'बाहेर चोरून पिण्यापेक्षा घरी माझ्यासमोर घेऊ दे' असं म्हणणारा मीच. मुलाने घरीही घेतली, बाहेरही घेतली. बाहेर तर म्हणायचा, 'बाबांना चालतं.' नंतर वाचलं, की ऑस्ट्रेलियात १,९०० हून अधिक मुलांचा सहा वर्षं मागोवा घेतला होता, २०१८ साली निष्कर्ष आले. पालकांनी दारू दिल्याने मुलं सुरक्षित राहतात, असं काही त्यात दिसलं नाही. उलट इतरांकडूनही मिळवण्याची शक्यता वाढलेली दिसली. आधी वाचलं असतं तर ऐकलं असतं का? बहुतेक नाही.

माजी रेक्टर
माझ्या पहिल्या वर्षी एक मुलगा उलट्या करत बेशुद्ध पडला आणि मित्रांनी त्याला खोलीत कोंडून ठेवलं. का, तर रेक्टरला कळलं तर हॉस्टेलमधून काढतील. म्हणजे माझ्या धाकानेच तो मेला असता. त्यानंतर नियम बदलून घेतला : मदतीसाठी जो हाक मारेल त्याच्यावर आणि ज्याच्यासाठी मारली त्याच्यावरही कारवाई नाही. समितीत वर्षभर भांडले. 'मुलांना मोकळीक मिळेल' असं समितीतले म्हणत होते. मोकळीक कसली, रात्री दोनला दार वाजायला लागलं, एवढंच. मुलांना शिकवलं ते असं : कॉफी, थंड पाणी यांनी दारू उतरत नाही, पिणं थांबवल्यावरही रक्तातलं प्रमाण काही वेळ चढत राहतं, म्हणून 'झोपू दे' म्हणून सोडायचं नाही. कुशीवर वळवा, एकटं ठेवू नका, उठत नसेल किंवा श्वास मंदावला तर ॲम्ब्युलन्स.

थर्ड इयर
मुलांच्या बाजूने लिहितो. सडलेल्या यकृताच्या पोस्टरखाली उभं राहून आम्ही पार्टीचे बेत केलेत. उपयोग झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. सिनियर्सनी निनावी चिठ्ठ्या घेतल्या : तू किती पितोस, आणि तुझ्या मते बाकीचे किती पितात? दुसरा आकडा पहिल्याच्या कितीतरी पुढे. नंतर कळलं, बाकीच्यांना पिणं जास्त चालतं, असा कॉलेजच्या मुलांचा गैरसमज असतो, हे पर्किन्स आणि बर्कोविट्झ या अमेरिकी संशोधकांनी १९८६ मध्येच दाखवलंय. मी वर्षभर ग्लासात नुसतं कोल्ड्रिंक घेऊन फिरत होतो. त्या दिवशी समजलं, आणखी तिघं तेच करत होते.

काउंटरच्या आतून
दुकानात कामाला होतो. ओळखपत्र मागितलं की पोरं चिडतात, ते ठीक. पण बाहेर थांबलेल्या पोरासाठी दादा, काका आत येऊन घेऊन जातात, त्यांना मी काय विचारणार?

क्रीडाशिक्षक
आइसलँडचं उदाहरण द्यायलाच हवं. तिथे १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी गेल्या महिन्यात झिंगलेल्यांचं प्रमाण १९९८ मध्ये ४२ टक्के होतं, २०१६ मध्ये ५. खेळ-संगीतासाठी पैसे, पालकांचे आपसातले करार आणि रात्री मुलांनी बाहेर राहण्यावर वेळेचं बंधन, असं सगळं मिळून. आमच्याकडे तेवढं बळ नाही. मी मैदानाचे दिवे दोन तास जास्त चालू ठेवायला मागितले. सहा महिने अर्ज फिरतोय. तोवर शनिवारी गाडीचे हेडलाइट लावून खेळतो, बावीस पोरं येतात.