हळदीची वेबसाइट काढून ८ महिने झाले, घरच्यांशिवाय कोणी बघत नाही. काय चुकतंय?

कांडपवाला_सांगली

नमस्कार मंडळी. आमचं सांगलीत मार्केट यार्डाच्या मागं छोटं हळद कांडप आहे, आजोबांपासूनचं. यार्डातनं हळकुंड घ्यायचं, दळायचं, अर्धा किलो एक किलोची पाकिटं करायची, ठरलेली दहाबारा दुकानं आणि पुण्यामुंबईत गेलेले पाव्हणे, एवढंच गिऱ्हाईक. मागच्या दिवाळीत डोक्यात आलं की वेबसाइट काढूया, बाहेरच्या ऑर्डरी येतील. ओळखीतल्या एका पोराला १८ हजार दिले, त्यानं वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बांधायच्या सॉफ्टवेअरवर, करून दिली. दिसायला एक नंबर आहे, वर मोठे फोटो सरकतात, वडिलांचा फोटो, आमच्याविषयी, संपर्क, सगळं आहे.

आठ महिन्यात ऑर्डरी दोन. त्यातली एक मेव्हण्याची.

गूगलवर सांगली हळद टाकून पाच पानं मागं गेलो, आम्ही नाही. तेही समजू शकतो, पण आमच्या दुकानाचं नाव जसंच्या तसं टाकलं तरी नाही! आता एका एसईओवाल्या, म्हणजे साइट गूगलमध्ये वर आणून देणाऱ्या, कंपनीचा रोज फोन येतोय, महिना ६ हजार, तीन महिन्यात पहिल्या पानावर, गॅरंटी लिहून देतो म्हणतात. वडील म्हणाले, अठरा घातलेस, आता वर आणखी अठरा घाल. जेवताना रोज हाच विषय.

तर द्यावेत का पैसे? आणि सगळे सांगतात ब्लॉग लिही ब्लॉग लिही, पण हळदीवर माणूस लिहून लिहून किती लिहिणार?

भटक्या_सातारकर

भावा पहिलं म्हणजे ते सहा हजार देऊ नको. पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही असं गूगलनं स्वतःच त्यांच्या मदतीच्या पानावर लिहून ठेवलंय. त्या लोकांना विचार तीन महिन्यात नक्की काय करणार, बहुतेक मेटा कीवर्ड (पानामागं लपवलेले शोधशब्द) टाकू आणि शंभर बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरनं तुझ्याकडं येणाऱ्या लिंका) देऊ म्हणतील. मेटा कीवर्ड आम्ही बघत नाही असं गूगलनं २००९ सालीच जाहीर केलंय आणि विकत घेतलेल्या लिंका म्हणजे सरळ सरळ नियमभंग, उलट साइट खाली जायची.

आता तुझा आजार. दुकानाचं नाव टाकून पण दिसत नाही म्हणजे नंबर मागं आहे असं नाही, तू गूगलच्या वहीतच नाहीस. सर्चमध्ये साइट हा शब्द इंग्रजीत, लगेच कोलन आणि मधे जागा न सोडता तुझा पत्ता टाक. एकही पान आलं नाही तर वर्डप्रेसमध्ये सेटिंग, त्यात रीडिंग, तिथं खाली सर्च इंजिनला ही साइट दाखवू नका अशा अर्थाचा एक चौकोन असतो, त्यात टिक आहे का बघ. साइट बनवताना पोरं ती टिक मारतात, अर्धवट काम गूगलला दिसू नये म्हणून, आणि काम संपल्यावर काढायला विसरतात. मी स्वतः चार जणांच्या साइटवर ही टिक काढलीय, त्यातले एक तर वकील होते.

ती काढ, सर्च कन्सोलला (साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं गूगलचंच साधन) साइट जोड, साइटमॅप म्हणजे सगळ्या पानांची यादी दे. फुकट आहे सगळं. मग रोज उघडून बघू नको, पंधरा दिवस सोड.

लिहायचं काय म्हणशील तर माझं सांगतो. माझा साताऱ्यातनं भटकंतीचा ब्लॉग आहे, सहा वर्षं झाली. सुरवातीला मी सज्जनगडावरची पहाट, अजिंक्यताऱ्यावरचा पाऊस असलं लिहायचो, अगदी मनापासनं, दोन दोन रात्री जागून. वाचणारे तीस, त्यातले दहा ऑफिसातले. मग एकदा वैतागून कासबद्दल नुसतं कोरडं पान लिहिलं, बुकिंग कसं करायचं, गाडी कुठं लावायची, म्हाताऱ्या माणसांना किती चालावं लागतं, फुलं बघायला साधारण कुठला आठवडा धरायचा. तसंच दुसरं वासोटा किल्ल्याचं, बामणोलीतनं बोट कधी सुरू होते, वनखात्याची परवानगी कुठं मिळते, पावसाळ्यात बंद असतो त्याचं काय. आज माझ्या ब्लॉगवर येणाऱ्या दहातले आठ जण या दोन पानांवर येतात. सज्जनगडची पहाट अजून तिथंच आहे, मीच अधनंमधनं वाचतो.

आणि वेळ पाळायची. कासचा हंगाम मुख्यतः सप्टेंबरचा, मी पान जूनच्या शेवटी नवीन माहिती घालून ताजं करतो, सप्टेंबरात लिहिलं तर गूगलला पोचेपर्यंत फुलं संपलेली असतात. तुझी नवी हळद यार्डात फेब्रुवारी मार्चला येते ना, मग वर्षाची हळद कशी भरायची हे पान जानेवारीतच तयार पाहिजे.

मिरजेचा_डीटीपीवाला

वरच्यांनी बरोबर सांगितलंय, मी एक भर घालतो कारण आमच्या धंद्यातलंच पाप आहे हे. कांडपवाले, तुमच्या साइटवरचा मजकूर माऊसनं सिलेक्ट होतोय का बघा. होत नसेल तर तो मजकूर नाही, फोटो आहे. आपल्याकडं काय होतं, प्रेसमध्ये श्रीलिपी या छपाईच्या जुन्या फॉन्टात पत्रक केलेलं असतं, साइटवाल्याला तेच दिलं जातं, तो श्रीलिपीचा मजकूर ब्राउझरमध्ये टाकतो तर सगळं इंग्रजी कचऱ्यासारखं दिसतं, मग पत्रकाचाच फोटो करून चिकटवतो. डोळ्याला मराठी दिसतं, गूगलच्या लेखी ते एक चित्र. चित्रातली अक्षरं गूगल वाचेल या भरवशावर दुकान चालवायचं नसतं. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप होतं त्या पद्धतीतच, पाहिजे. कन्व्हर्टर मिळतात पण जोडाक्षरं आणि रफार तपासून घ्या, एका लग्नपत्रिकेत माझ्याकडनं काय झालं होतं ते इथं सांगत नाही.

दुसरं, पानाचा पत्ता. वर्डप्रेसला मराठी शीर्षक दिलं की पत्ता पण मराठीत होतो. ब्राउझरमध्ये छान दिसतो, पण व्हॉट्सॲपला चिकटवला की टक्क्याच्या खुणा आणि आकडे अशी हातभर शेपटी होते. कारण देवनागरीचं एकेक अक्षर तीन बाइटचं, आणि पत्त्यात एकेक बाइटला तीन खुणा लागतात, म्हणजे एका अक्षराला नऊ. काना मात्रा वेलांटी पण वेगळी मोजायची. वर्डप्रेस पत्ता दोनशे खुणांवर कापतं, म्हणजे तुमची बाविसेक अक्षरंच बसणार, पुढचं शीर्षक गायब. माझ्या एका गिऱ्हाइकाचा पत्ता "घरगुती" वर तुटला होता, पुढं काय घरगुती ते कुणालाच कळेना. असली लांब शेपटी बघून लोकं व्हायरस समजून दाबत पण नाहीत. पत्ता इंग्रजी अक्षरात छोटा ठेवा, शीर्षक आणि मजकूर मराठीत.

आपली माणसं शोधताना निम्मी मराठीत टाइप करतात, निम्मी इंग्रजी अक्षरात "halad rate today" असलं. दोन्हीची थोडीफार सोय अशी होते.

विट्याची_सुनबाई

मी जरा वेगळं सांगते, राग मानू नका. माझा मसाल्याचा व्यवसाय आहे, कांदालसूण मसाला आणि मेतकूट, आणि मला साइटवरून महिन्याला फार तर तीनचार ऑर्डरी येतात. बाकी सगळं व्हॉट्सॲपवर. स्टेटसला मिरच्या वाळत घातलेल्या टाकल्या की संध्याकाळपर्यंत वीस जणी विचारतात. मग साइट कशाला ठेवलीय? तर नवीन बाई जेव्हा पहिल्यांदा पैसे पाठवणार असते तेव्हा ती आधी नाव गूगलला टाकून बघते. पत्ता दिसला, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, नंबर दिसला, पार्सल फुटलं तर काय करणार ते लिहिलेलं दिसलं की पैसे पाठवते. म्हणून साइटीकडनं विक्रीची फार आशा धरू नका, भरवसा बसायला ती लागते.

आणि काय लिहायचं म्हणता, अहो तुमचा फोन बघा की! गिऱ्हाईक फोनवर काय विचारतं ते महिनाभर वहीत लिहून काढा. मी काढलं होतं. मसाला फ्रीजमध्ये ठेवायचा का हे मला एका महिन्यात सतरा जणींनी विचारलं. त्याचं पान केलं, आता नुसती लिंक पाठवते, माझा घसा वाचला. तुम्हाला हळदीत भेसळ कशी ओळखायची हे कोण विचारत नाही असं होणारच नाही. ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकायची, चांगली हळद फिकट पिवळा रंग सोडत खाली बसते, रंग घातलेली असेल तर पाणी भडक पिवळं होतं. हे तुमच्या कांडपात, तुमच्या हातानं करून फोटो टाका. दुसऱ्याचे फोटो नकोत.

फक्त एक करू नका. हळदीनं कॅन्सर बरा होतो, शुगर जाते असलं काही लिहू नका. १९५४ चा औषधं आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे, त्यात अडकाल, आणि खोटं ते खोटंच.

नुसताच_वाचक

एवढं कशाला, चॅटजीपीटीला सांग हळदीवर पन्नास लेख दे, एका दुपारचं काम.

भटक्या_सातारकर

@नुसताच_वाचक केलेलं आहे लोकांनी, आणि मार्च २०२४ मध्ये गूगलनं नियमच काढला की नुसतं सर्चमध्ये वर यायला ढिगानं पानं पाडली, माणसानं पाडू दे नाहीतर मशीननं, तर तो स्पॅम. शुद्धलेखन बघायला घे की, कोण नको म्हणतंय. पण हळदीचे गुणधर्म दहा हजार ठिकाणी आहेत, त्यात याचं दहा हजार एकावं कोण वाचणार. यार्डात सौद्याला उभं राहून हळकुंड मोडून बघतात, आतला रंग बघतात, ते याला माहितीय, मशीनला नाही.

कांडपवाला_सांगली

टिक होती!!! अहो खरंच टिक होती. आठ महिने आम्ही दुकानाचं शटर ओढून आत दिवाबत्ती करत बसलो होतो. आणि डीटीपीवाले साहेब, आमच्याविषयीचं सगळं पान फोटोच निघालं, २०११ च्या पत्रकाचा, त्यावर जुना फोन नंबर. आता बायको रात्री बसून टाइप करतीय, गूगलच्या मराठी कीबोर्डवर बोलून पण होतंय, फक्त ते "हळकुंड"चं दरवेळी "हलकं" करतं.

त्या पोराला फोन केला, तो म्हणाला सॉरी दादा राहून गेलं. आणखी काही बघायचं राहिलंय का?

मिरजेचा_डीटीपीवाला

राहिलंय, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे? साइट कुणी का बांधेना, डोमेन म्हणजे सातबारा. पोरानं स्वतःच्या ईमेलवर घेतलं असेल तर उद्या तो पुण्याला नोकरीला गेला, रिन्यूचा मेल त्याला आला, त्यानं बघितला नाही, की गेलं. माझ्या ओळखीत एकाचं असंच गेलं, पाटीवर, पाकिटावर, टेम्पोवर छापलेला पत्ता, आणि तो उघडला की भलत्याच देशाची जाहिरात. प्रेमानं बोला, नावावर करून घ्या, होस्टिंगचा (साइट जिथं ठेवलीय त्या जागेचा) पासवर्ड पण.

फोटो किती एमबीचे आहेत? मोबाइलचा सरळ टाकला असेल तर चार पाच एमबीचा असणार, खेड्यात उघडेपर्यंत माणूस चहा पिऊन येतो. दीडदोनशे केबीवर आणा. ते सरकणारे फोटो पण काढा, सरकताना कोणी बघत नाही.

भटक्या_सातारकर

आणि गूगल मॅपवर दुकान घाल, बिझनेस प्रोफाइल फुकट मिळतं. गावातल्या धंद्याला पहिले चार फोन तिथनंच येतात.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय हे पानावर जरूर सांग, पण पाकिटावर जीआयचा शिक्का मारायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते, ती नसताना मारू नको.

जाहिरातीच्या पैशाच्या नादाला तू लागूच नको. ॲडसेन्सचं, म्हणजे साइटवर गूगलच्या जाहिराती लावून पैसे मिळवायचं, मला विचारशील तर दहा डॉलर झाले की पत्ता तपासायला पिन पोस्टानं येतो, माझा पिन आमच्या पोस्टमननं खालच्या काकूंकडं दिला आणि त्यांनी तो लाइटबिलासोबत तीन आठवडे डब्याखाली ठेवला. पुढं शंभर डॉलर झाल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, मला चौदा महिने लागले. तुझ्या हळदीच्या पानावर दुसऱ्याच्या हळदीची जाहिरात लागली म्हणजे झालंच मग.

कांडपवाला_सांगली

पाच आठवड्यांनी येतोय, उशीर झाला माफ करा. डोमेन नावावर झालं, पोरगं चांगलं आहे, स्वतः येऊन करून दिलं. एसईओवाल्यांना नाही म्हणून सांगितलं तर दर चार हजारावर आला, परत नाही म्हटलं तर अडीच.

चार पानं लिहिली. भेसळीचं, वर्षाची हळद भरून कशी ठेवायची त्याचं, राजापुरी आणि सेलम या हळदीच्या जातींमध्ये फरक काय ते, आणि चौथं वडिलांनी सांगितलं म्हणून हरिपूरच्या पेवांचं, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांचं. सर्च कन्सोलमध्ये महिन्याभरात क्लिक ४३. तुम्हाला हसू येईल पण आधी शून्य होते. ऑर्डरी सहा, ओळखीतलं कोणी नाही त्यात. सगळ्यात जास्त लोकं भेसळीच्या पानावर येतील वाटलं होतं, पण पेवाच्या पानावर आली.

नाशिकहून एक निवृत्त मास्तर फोनवर आले, वीस मिनिटं पेवाबद्दलच विचारत होते, २००५ च्या पुरात किती गेली, अजून कुणी वापरतं का, जमिनीखाली हळद किडत कशी नाही. हळद काही घेतली नाही त्यांनी. पण वडिलांनी फोन स्पीकरवर घेऊन सगळं सांगितलं, आणि तेव्हापासनं रोज जेवताना माझ्यामागं लागलेत की पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं, आधी हवा खेळू द्यायची असते, ते तू लिहिलं नाहीस, ते घाल.

तर प्रश्न असा की एकदा छापलेल्या पानात नंतर भर घातली तर चालते का, का नवीन पान करायचं?

भटक्या_सातारकर

त्याच पानात घाल, पत्ता बदलू नको. आणि वडिलांचं बोलणं रेकॉर्ड करून घे.