ड्युअल बँड सगळ्यांनाच लागतो असं नाही

पळताना जीपीएसने रस्ता आणि अंतर मोजणारं घड्याळ घ्यायचं तर ड्युअल बँडवालंच, म्हणजे सॅटेलाइटचे एल१ आणि एल५ अशा दोन फ्रिक्वेन्सींवरचे सिग्नल पकडणारंच घ्या, बाकी सगळे पैसे पाण्यात, असं म्हणतात. उंच इमारतींच्या मधून पळणाऱ्यांसाठी हे अगदी पटतं, कारण तिथे सिग्नल भिंतीवर आपटून उशिरा पोचतो आणि नकाशावर आपण रस्ता सोडून कुणाच्या तरी घरातून पळालेलो दिसतो. एल५ च्या सिग्नलमधला कोड एल१ च्या दहापट वेगाने बदलतो (सिग्नल स्वतः जास्त वेगाने येत नाही), म्हणून थेट आलेला सिग्नल कुठला आणि आपटून आलेला कुठला हे चिपला जास्त नीट वेगळं करता येतं. पण मोकळ्या रस्त्यावर किंवा मैदानावर साधं एल१ वालं घड्याळही छान चालतं, आणि बॅटरी वाचते ती वेगळीच.

कनेक्टेड जीपीएसबद्दल, म्हणजे फोनचं जीपीएस वापरणाऱ्या घड्याळांबद्दल, मात्र फारसं कोणी बोलत नाही. जाहिरातीत नुसतं 'जीपीएस सपोर्ट' लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात घड्याळात चिपच नसते, लोकेशन फोनकडून येतं, म्हणजे फोन खिशात हवाच. आणि फोनच्या बॅटरी सेव्हरने अ‍ॅप मागे बंद पाडलं की वळणावळणाच्या रस्त्याच्या जागी एक सरळ रेघ, आणि अंतर कमी भरतं. माझ्या आधीच्या घड्याळाचं हे नेहमीचंच होतं. त्यामुळे स्पेसिफिकेशनमध्ये 'बिल्ट-इन' शब्द आधी शोधा, बँडचं नंतर. आणि बिल्ट-इन असलं तरी निघायच्या आधी फोनशी सिंक करून घ्या, सॅटेलाइट्स कुठे आहेत याची ताजी माहिती त्यातून झटकन येते, नाहीतर लॉक मिळेपर्यंत, म्हणजे घड्याळाला आपली जागा सापडेपर्यंत, ताटकळत उभं राहावं लागतं.