महापुराची भीती व्हीआरनं घालवावी का?

पंचगंगाकाठ:
कोल्हापूरच्या २०१९ च्या महापुरात शेजारच्या काकूंना दुसऱ्या मजल्यावरून बोटीत उतरवलं होतं. अजूनही पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की त्या कागदपत्रांची पिशवी घेऊन जिन्यात येऊन बसतात. अमेरिकेत १९९० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ बार्बरा रोथबॉम आणि संगणकतज्ज्ञ लॅरी हॉजेस यांनी व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठी व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून दिसणाऱ्या आभासी जगात, हेलिकॉप्टर आणि जंगल उभं केलं. पुढं मानसशास्त्रज्ञ स्किप रिझो यांनी इराक युद्धातल्या सैनिकांसाठी तिथले रस्ते उभे केले. सैनिक घडलेलं सांगत जातो, शेजारी बसलेला थेरपिस्ट त्याला झेपेल तसं दृश्य आणि आवाज वाढवतो. आपल्या महापुराचंही असं दृश्य तयार व्हावं, असं माझं ठाम मत आहे.

चिखलीकर:
माझा विरोध. सैनिक घरी आला, युद्ध मागं राहिलं. आपली नदी कुठं गेलीय? २००५, २०१९, २०२१! दर पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचा पाणीपातळीचा आकडा बघतच दिवस जातो, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. या भीतीनंच २०२१ ला आम्ही जनावरं वेळेत हलवली. ती घालवून काय मिळवायचं?

पंचगंगाकाठ:
दादा, जनावरं हलवली तो सावधपणा. काकू ऐन जानेवारीत कुणाची टाकी भरून वाहिली तरी थरथरतात. बंधाऱ्यावर १५ फूट असो की ४३, त्यांना सारखंच. हे दुखणं आहे, त्यावर उपचार नकोत?

समुपदेशक_ताई:
उपचार हवेतच, पण हेडसेट म्हणजे उपचार नव्हे. मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांच्या पद्धतीत माणूस डोळे मिटून ती घटना आत्ता घडतेय अशी पुन्हापुन्हा सांगतो. अस्वस्थता ० ते १०० मध्ये किती, हे आम्ही मधूनमधून विचारतो. सुरुवातीला ९० म्हणणारा माणूस काही बैठकांनंतर त्याच प्रसंगाला ४० म्हणतो, तेव्हा पकड सुटू लागलेली असते. ज्यांना प्रसंग डोळ्यांपुढं आणताच येत नाही, त्यांना व्हीआरचा आधार होतो. साध्या पद्धतीपेक्षा ते सरस असल्याचं मात्र ठोसपणे सिद्ध झालेलं नाही. आणि अर्ध्यात सोडलं तर माणूस आणखी बिथरू शकतो.

गंगावेस_८२:
मला तर याच्या बाजाराची धास्ती वाटते. २०२० मध्ये कोरियातल्या एका वाहिनीनं आईला तिच्या वारलेल्या मुलीची व्हीआरमध्ये भेट घडवली, तीही कॅमेऱ्यापुढं! आईला बरं वाटलंही असेल. पण उद्या इथं कुणी तिकीट लावून महापूर दाखवला, तर बाहेर पडणाऱ्याला सावरायला कोण उभं राहणार?

पंचगंगाकाठ:
म्हणून तर म्हणतोय, हे दवाखान्यातच आणि डॉक्टरांसमोरच व्हावं.

चिखलीकर:
ताईंचं पटलं. पण आमच्या आईला दवाखान्यात न्यायचं म्हणजे आठवडाभर समजूत काढावी लागते, हेडसेट तर ती हातातही धरणार नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावून दिला, तर 'कोण बोलतंय ते दिसत न्हाई' म्हणून ठेवून दिला. गोठ्यात धार काढताना कुणी शेजारी बसलं की मात्र आपणहून पुराचं सांगते. यंत्राला घालायचे पैसे आधी मे महिन्यात गावागावांत समुपदेशक पाठवायला घाला. व्हीआरचं मग बघू.