ड्रायव्हरच्या आधी डिक्शनरी बघा

युनिव्हर्स या जुन्या डेटाबेसमधला (त्यात एका खान्यात अनेक व्हॅल्यू बसतात) डेटा बाहेरच्या टूलला कसा जोडायचा, यावर ‘ओडीबीसी ड्रायव्हर (दुसऱ्या प्रोग्रॅमला एसक्यूएलने डेटा वाचू देणारा दुवा) टाका, एक्सेल जोडा, काम झालं’ असं सांगितलं जातं. रिपोर्टपुरतं मान्य, पण तेही डिक्शनरी, म्हणजे कुठला खाना काय आहे याची डेटाबेसमधली नोंद, नीट असेल तरच. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या युनिव्हर्समधल्या ऑर्डर आम्ही पॉवर बीआय या रिपोर्ट टूलला जोडल्या, तर ऑर्डरचं वजन काही ठिकाणी चौपट दिसायला लागलं. कारण साधं होतं. तिथे एकाच रेकॉर्डमध्ये तीन आयटम आणि चार डिस्पॅच तारखा असतात. एसक्यूएलला (टेबलांतून डेटा मागवायची भाषा) एका खान्यात एकच व्हॅल्यू लागते, म्हणून ड्रायव्हर अशा प्रत्येक गटाचं वेगळं टेबल करून दाखवतो. ती दोन टेबलं नुसत्या ऑर्डर नंबरवर जोडली की तीन चोक बारा ओळी, आणि प्रत्येक आयटमचं वजन चार वेळा. कुठला खाना कुठल्या गटातला, हे डिक्शनरीत लिहिलेलं नसेल तर महागडं टूलसुद्धा काही करू शकत नाही. आमचे दोन आठवडे त्यातच गेले.

मोबाइल ॲपवरून ऑर्डर लिहायची असेल तर मात्र मी ओडीबीसीला हात लावणार नाही. स्टॉक आणि क्रेडिटचे नियम बेसिक भाषेतल्या जुन्या सबरूटीनमध्ये (डेटाबेसमधल्याच छोट्या प्रोग्रॅममध्ये) आहेत. युनिऑब्जेक्ट्स (युनिव्हर्सला जोडायची लायब्ररी) किंवा रेस्ट (वेबवरून बोलवायची पद्धत) यांतून त्याच सबरूटीन बोलवा. फक्त तिथे डेटा कच्चा येतो. तारीख 31 डिसेंबर 1967 पासूनच्या दिवसांत, म्हणजे 1 जानेवारी 2000 ला 11689. दोन दशांशांचा दर असेल तर 125.50 चे 12550 दिसतात. हे रूपांतर सबरूटीनमध्येच करून घ्या, ॲपवाल्यांवर सोडू नका.