शब्दचर्चा : ‘हायपरमीडिया’ला मराठीत काय म्हणायचं?

धरमपेठेतून प्रश्न
नववीची मुलं आपल्या नागपूरच्या अजब बंगल्यावर, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयावर, प्रकल्प करताहेत. दालनांचा नकाशा, नकाशावर टिचकी मारली की त्या दालनातल्या वस्तूचा फोटो, फोटोवरून माहिती, तिथून मुलांच्याच आवाजातलं वर्णन. पोरांनी वर ‘बहुमाध्यम प्रकल्प’ लिहिलं. संगणकाचे सर म्हणतात, हायपरमीडिया लिहा. दोन्ही एकच ना?

महालातून
एकच नाही, मॅडम. मजकूर, चित्र, आवाज एकत्र आले की झालं बहुमाध्यम. त्यात सिनेमाही बसतो. पण सिनेमा दिग्दर्शकाच्या क्रमानंच पाहावा लागतो. तुमच्या प्रकल्पात कोणत्या दालनात आधी शिरायचं हे पाहणारा ठरवतो, आणि ते ठरवता येतं दुव्यांमुळे, म्हणजे लिंकमुळे. दुवे काढा, मग उरतं ते नुसतं बहुमाध्यम.

हायपरटेक्स्ट (दुव्यांनी जोडलेला मजकूर) आणि हायपरमीडिया हे दोन्ही शब्द अमेरिकी संगणक-विचारवंत टेड नेल्सन यांचे, १९६५ सालचे. त्यातला ‘हायपर’ त्यांनी गणितातल्या हायपरस्पेसच्या अर्थानं घेतला, म्हणजे विस्तारलेला. म्हणून ‘अतिमाध्यम’ मला पटत नाही. आपल्याकडे ‘अति’ आला की अतिशहाणा आठवतो! ‘अधिमाध्यम’ चालेल, अधिकमासातल्यासारखा.

प्रतापनगरातून
ग्रीक ‘हायपर’ आणि संस्कृत ‘उपरि’ एकाच मुळातून आलेले आहेत. त्या हिशेबानं ‘उपरिमाध्यम’. पण बोलणार कोण, हाही प्रश्नच आहे बाप्पा.

सीताबर्डीतून
वेबसाइट बनवणं हा माझा धंदा, म्हणून थोडं आतलं सांगतो. वेबपानावर फोटो दिसतो, पण बहुतेक वेळा तो त्या पानाच्या फाइलमध्ये नसतो. तिथं असतो फोटोचा पत्ता. ब्राउझर पान वाचता वाचता त्या पत्त्यावर जातो, फोटो आणतो आणि जागेवर बसवतो. दुव्यातही पत्ताच असतो, फक्त तिथं ब्राउझर तुमच्या टिचकीची वाट पाहतो. नकाशाचं म्हणाल तर चित्र एकच असतं. त्यावर प्रत्येक दालनाची चौकट आकड्यांत आखतात आणि चौकटीगणिक वेगळा पत्ता देतात. व्हिडिओच्या पत्त्याला सेकंद जोडून थेट मधल्या प्रसंगावरही नेता येतं.

अगदी सुरुवातीच्या ब्राउझरमध्ये चित्र वेगळ्या खिडकीत उघडायचं. १९९३ साली मोझेक हा ब्राउझर आला आणि मजकुरालगत चित्र दिसणं सगळीकडे रुळलं.

धरमपेठेतून
हे वाचून एक उलगडा झाला. पोरांनी प्रकल्प पेनड्राइव्हवर आणला, फोटो आले, आवाज मात्र वाजला नाही. घरी वाजत होता म्हणे!

सीताबर्डीतून
आवाजाचा पत्ता घरच्या संगणकातल्या ‘डी’ ड्राइव्हचा राहिला असेल. आवाजाच्या फाइली प्रकल्पाच्याच फोल्डरमध्ये ठेवा, पत्ता त्या फोल्डरपासून मोजून द्या आणि अख्खं फोल्डर कॉपी करा. नुसती मुख्य फाइल उचलली तर आवाजाच्या फाइली मागेच राहतात आणि दुवे तुटतात.

महालातून
याला ‘मृत दुवा’ म्हणतात, मराठी विकिपीडियावर हा शब्द रूढ आहे. नेल्सन यांना दुहेरी दुवे हवे होते, म्हणजे आपल्याकडे कोण बोट दाखवतंय हे त्या दस्तऐवजालाही कळावं. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला. त्या वेबवर दुवे एकेरी राहिले. कुणाला न विचारता कुणाच्याही पानाचा दुवा देता येतो, म्हणून वेब झपाट्यानं पसरलं. पण समोरच्यानं पान हलवलं तर आपल्याला खबर नाही. माझ्या मते सौदा फायद्याचाच ठरला.

प्रतापनगरातून
मग मुखपृष्ठावर काय लिहायचं ते सांगा ना. माझं मत ‘दुवेबद्ध बहुमाध्यम’ला. अधिमाध्यमासारखा तो समजावून सांगावा लागत नाही.

धरमपेठेतून
‘दुवेबद्ध’ घेते. सरांसाठी खाली बारीक अक्षरात हायपरमीडियाही लिहून टाकू.