मदत हवी आहे: केमिस्टच्या मुलाखती नीट कशा घ्याव्यात?

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका औषध कंपनीच्या आर अँड डीमध्ये ॲनालिटिकलचा ग्रुप माझ्याकडे आहे. एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) दोन-चार वर्षं हात बसलेले एम.एस्सी. केमिस्ट आम्हाला लागतात. अर्ज ढिगाने येतात, घोडं अडतं ते मुलाखतीत.

आमच्याकडे मुलाखत म्हणजे विद्यापीठाची तोंडी परीक्षा. समोर चार जण आणि धडाधड प्रश्न: बीअर-लॅम्बर्टचा नियम सांगा, आयसीएच क्यू२ मधले (चाचणीची पद्धत भरवशाची आहे का ते तपासायची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका) व्हॅलिडेशनचे पॅरामीटर सांगा. पाठांतरवाला सुटतो आणि रुजू झाल्यावर फॉस्फेट बफर पाण्याने न धुता थेट ॲसिटोनायट्राइल सोडून, आत क्षार साचवून सिस्टिम चोक करतो. (कॉलमची, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या नळीची, किंमत वेगळीच!)

मध्यंतरी नांदेडकडची एक मुलगी आली होती. रात्रभर प्रवास करून दहाला हजर. आत बोलावलं जेवणाच्या सुट्टीनंतर, कारण पॅनेलमधले एक साहेब ऑडिटच्या मीटिंगमध्ये. सुरुवातीच्या प्रश्नांना इंग्रजीत जेमतेम एकेक वाक्य. मग मी टेबलावरचा एक क्रोमॅटोग्राम (एचपीएलसीचा आलेख, त्यात एकेका घटकाचं शिखर म्हणजे पीक) तिच्यापुढे सरकवला आणि मराठीत विचारलं, "इथे टेलिंग का येतंय?" (म्हणजे पीकची मागची बाजू शेपटीसारखी का लांबतेय.) तिने उलट मलाच विचारलं, "सर, कंपाउंड बेसिक आहे का? मोबाइल फेजचा पीएच किती ठेवला होता?" पुढे म्हणाली, सगळ्याच पीकना टेलिंग असेल तर आधी जोडण्या आणि कॉलमचं तोंड बघेन, एकालाच असेल तर सिलॅनॉलचा (कॉलममधल्या सिलिकावरचे, बेसिक कंपाउंडला धरून ठेवणारे गट) संशय घेईन. पॅनेल गप्प! आम्ही ऑफर दिली, तिने नाकारली. एचआरला म्हणाली, दुसरीकडे निदान लॅब तरी दाखवली.

आता साहेबांनी पद्धत बदलायचं माझ्यावर सोपवलंय. विचारायचंय ते असं:

क्रोमॅटोग्राम आधी ईमेलने पाठवावा की तिथेच हातात द्यावा? एचआरचा हट्ट आहे की सगळ्यांना तेच प्रश्न आणि गुणांचा तक्ता. मला वाटतं त्याने गप्पाच मरतील. दुसऱ्या कंपनीतून येणाऱ्यांनी गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते, त्यांना कामाबद्दल विचारायचं तरी कसं? आणि भाषेचं काय? पॅनेलमधल्या एकांना मराठी येत नाही.

प्रतिसाद: खलबत्ता
एचआरचं ऐका. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून पाहिलं, त्यात ठरावीक प्रश्नांच्या मुलाखती मोकळ्या गप्पांपेक्षा सरस ठरल्या. मुख्य प्रश्न तेच ठेवा, पण उपप्रश्न उमेदवाराच्या उत्तरातून काढा, म्हणजे गप्पा मरत नाहीत. गुण मात्र प्रत्येकाने आपापले आधी लिहायचे, चर्चा नंतर. नाहीतर सगळ्यात वरिष्ठ माणूस बोलला की बाकीच्यांच्या माना डोलतात.
क्रोमॅटोग्राम तिथेच द्या. पंधरा मिनिटं एकट्याला, कागद-पेन्सिल आणि चहा. ईमेलने पाठवलात तर उत्तर कोणाचं ते कळणार नाही. तुमच्या प्रॉडक्टचा नको, पॅरासिटामॉल-कॅफीनसारखं सर्वांना माहीत असलेलं काहीतरी घ्या.
कराराचं सोपं आहे. "मॉलिक्यूलचं नाव नको, अडचण काय आली आणि कशी सोडवलीत तेवढं सांगा." त्यावरही जो जुन्या कंपनीचा सगळा प्रोसेस ओकतो, तो उद्या तुमचाही ओकेल.

प्रतिसाद: सध्या_नोटीस_पिरियडवर
उमेदवाराच्या बाजूने सांगते. बोलावण्याच्या ईमेलमध्येच लिहा: कोण भेटणार, किती वेळ लागेल, लेखी काही आहे का, मराठी-हिंदी चालेल का, गाडीभाडं मिळणार का. निवड झाली नसेल तर तसं कळवा हो! नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड असलेला माणूस तुमच्या उत्तरावर राजीनामा थांबवून बसलेला असतो.

धागाकर्ता
दोघांचे आभार. मराठी न येणारे सहकारी हैदराबादचे आहेत, हिंदी उत्तम बोलतात. म्हणजे तो प्रश्न मीच उगाच मोठा केला होता. पॅरासिटामॉलचा क्रोमॅटोग्राम मुद्दाम बिघडवून काढायला आजच एकाला बसवतोय. लॅब दाखवण्याबद्दल सेफ्टीवाले कुरकुर करताहेत. तुमच्याकडे बाहेरच्या माणसाला गॉगल-एप्रन देऊन आत नेतात की काचेतूनच दाखवतात?